बोरिवलीवाल्या जिंकायला हव्यात

आठ सामने खेळून आठही जिंकलेली पोर उंबऱ्यावर बसून मुसमुसते आहे, असं शेवंतीने बासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या उतारावर त्यांची खोली. पाण्याची वेळ. कळशी घेऊन जाणारी-येणारी प्रत्येक बाई प्रेमाचं तोंड नीट निरखून पुढे सरकत होती. या घरातलं रडणं दाराच्या आत व्हायचं, असा शेवंतीचा कायदा होता आणि तो तिच्या सुनेने, मालनने, वीस वर्षं मुकाट पाळला होता. नात मात्र उंबऱ्यावरच बसली.

"ऊठ. आत ये आधी. हरलीस?"

"जिंकलो. बेचाळीस-एकोणीस."

"मग मेला कोण?"

"आजी, आमचा नंबर पाचवा लागला."

शेवंती दुसरीपर्यंत शिकलेली, तीही चुलता मास्तर होता म्हणून. पण आठातले आठ म्हणजे किती, हे कळायला दुसरीसुद्धा लागत नाही. "सगळे जिंकून पाचवी? आणि पहिली कोण आली, घरी झोपून राहिली ती?"

"अंधेरी पहिली. मुलुंड चौथी."

"मुलुंडवाल्या दोनदा हरल्यात म्हणून तूच सांगत होतीस ना?"

"हो. तरी त्या आमच्या वर."

प्रेमा एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. उंचीला बापाच्याही वर गेलेली. कॉलेजच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये तिच्या हातात बॉल आला की पुढचं काही बघायला नको, असं सगळे म्हणत. शेवंतीने तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. पण प्रत्येक सामन्याचा आकडा तिला पाठ होता आणि नळावर तो ती पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसा भुरभुरत असे.

प्रेमा आत आली, डोळे पुसले आणि फरशीवर खडूने चौकट काढून बसली. पवईहून गणिताचे एक विद्याधर सर सामन्यांना यायचे. उपनगरातल्या सोळा कॉलेजांच्या मुलींचे सामने यंदा त्यांनी नव्या हिशोबाने लावले होते. अमेरिकेत कॉलेजच्या टीमांचे नंबर असेच लावतात म्हणे.

"हे बघ आजी. शंभर मार्क. त्यातले पंचवीस आपण किती जिंकलो त्याचे. ते आम्हाला पैकीच्या पैकी. मग पन्नास मार्क, आपण ज्यांच्याशी खेळलो ते बाकीच्यांशी किती जिंकले त्याचे. आणि उरलेले पंचवीस, ते ज्यांच्याशी खेळले त्या टीमा किती जिंकल्या त्याचे."

शेवंतीने चौकटीकडे बघितलं. "म्हणजे आपण किती जेवलो त्याला फारशी किंमत नाही. कोणाच्या पंगतीला बसलो, आणि त्या पंगतीतले आणखी कोणाच्या पंगतीला बसतात, ते बघायचं."

प्रेमाचा खडू थांबला. "हो गं. अगदी तसंच."

खाटेवरून तिचा नवरा, गुणाजी, खोकला. गिरणीचा संप झाल्यापासून पाच वर्षं तो त्या खाटेवर होता आणि त्याला खोकल्याशिवाय दुसरं काही बोलायचं असेल तर घरात सगळे दचकत. "ह्यो तर मगे तुझोच कायदो, गो," तो म्हणाला.

"तुमका कोणी विचारल्यान?"

पण म्हातारा चुकला नव्हता. भटवाडीत कोणाच्या घरी स्थळ आलं की शेवंतीला बोलावणं जाई. मुलीचे नाकडोळे ती शेवटी बघे. आधी विचारी, बापाची बहीण कुठे दिली? मामाचे व्याही कोण? त्या व्याह्यांची मुलगी कोणाच्या घरात? तीन घरं मागे गेल्याशिवाय ती मान हलवत नसे, आणि तिने मान हलवली नाही तर पोह्यांच्या बशा तशाच विसळायला जात. चाळीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नाही असं ती स्वतःच सांगे, त्यामुळे ते खरंच होतं.

आता तोच कायदा प्रेमाच्या मानेवर आला होता.

कारण नुसत्या नंबराचा प्रश्न असता तर शेवंतीने विद्याधर सरांच्या सात पिढ्या एका दमात आटोपल्या असत्या आणि भाकऱ्या थापायला बसली असती. पहिल्या चार टीमा मोठ्या फेरीला जाणार होत्या. त्या फेरीला रेल्वेचे लोक येतात, वहीत नावं उतरवून नेतात. गेल्या वर्षी दोन मुलींना तिथूनच नोकरी लागली. आणि इकडे शेवंतीच्या भावाने, लवूने, कणकवलीचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा तहसील कचेरीत. निर्व्यसनी. तीन घरं मागे जाऊनसुद्धा कुठे डाग नाही. मुलगा वाईट असता तर सोपं होतं.

दिवाळीत प्रेमा पहिल्यांदा आजीसमोर उभी राहिली होती. "मला खेळायचंय. मला नोकरी करायचीय." मालन चुलीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठसुद्धा ऐकत होती. तेव्हा टीम चारपैकी चार जिंकलेली. शेवंतीने छाती पुढे काढून सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "चारात आलीस तर मी कणकवलीला एक वर्ष थांबायला सांगेन. नाही आलीस तर फाल्गुनात अक्षता. मंजूर?" प्रेमाने हसत हात पुढे केला होता. लवू साक्षीला होता. संक्रांतीआधीच्या रविवारी तो पक्कं करायला येणार होता.

शेवंतीचा शब्द फिरत नाही, हे चाळीत पोरंसोरंही जाणत. त्या शब्दानेच तिला या डोंगरावर बूड टेकायला जागा मिळवून दिली होती. आता तोच शब्द दाराला बाहेरून लावलेल्या कडीसारखा झाला.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. ती घरात दोघींनाच ठाऊक होती.

आठ सामन्यांपैकी चार चिठ्ठ्या टाकून ठरले होते आणि चार ज्या त्या कॉलेजने आपल्या मनाने ठरवायचे होते. जुलैत टीमच्या पोरी शेवंतीकडे आंबोळ्या खायला आल्या तेव्हा हीच चर्चा चालली होती. कॅप्टन म्हणत होती, अंधेरीशी खेळू, भांडुपशी खेळू, आपला कस लागेल. शेवंतीने तव्यावरून मान वर केली होती. "कस लावायला सोनार आहात काय गो? नळावर भांडायचं तर मी कोणाशी भांडते? जिला उलट बोलता येत नाही तिच्याशी. हरणाऱ्या टीमा शोधा, चार दणके द्या, घरी या." पोरी खो खो हसल्या आणि तसंच केलं. बोरिवली, विक्रोळी, चेंबूर, गोरेगाव. सगळ्या लिंबूटिंबू. कॉलेजच्या सरांनीही सही ठोकली. नियमाचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला होता आणि सरांनी एकच बाजू वाचली होती.

आता ते चार दणके परत घेता येत नव्हते. जिंकलेला सामना काही उसनी वाटी नाही, परत नेऊन द्यायला.

"किती कमी पडले?" शेवंतीने विचारलं.

"अर्धा मार्क. आपले साडेपंचावन्न, मुलुंडचे छप्पन."

"आणि आता काही उरलंय की सगळं संपलं?"

प्रेमाने बोरिवली लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. "एकच सामना उरलाय. शनिवारी, मरोळच्या मैदानावर. बोरिवली आणि अंधेरी. बोरिवलीवाल्या आपल्या आठातल्या एक. त्या एक जरी सामना जिंकल्या ना, तर आपला आकडा छप्पनच्या वर जातो. मी तीनदा करून बघितलं."

"मग जिंकतील की."

"आजी, त्या दोन वर्षांत एकही जिंकल्या नाहीत. म्हणून तर तू त्यांना निवडलंस."

शेवंतीने पदर खोचला. "त्यांना शिकवतं कोण?"

प्रेमाने खडूकडे बघत सांगितलं, "जानकी बाई."

खाटेवरचा खोकला थांबला. चुलीकडची भांडी थांबली.

एकवीस वर्षांपूर्वी जयवंतसाठी, म्हणजे प्रेमाच्या बापासाठी, जानकी नावाची मुलगी पाहिली होती. कुडाळकडची, बाप गिरणीतच. मुलगी शाळेच्या संघातून खोखो खेळायची, उत्तरं नजर वर करून द्यायची. शेवंतीला ती आवडली होती, हे तिने आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. पण तीन घरं मागे गेल्यावर मावशीच्या व्याह्यांपाशी गाडी अडली. ते कोण, कुठले, कोणी धड सांगेना. शेवंतीने मान हलवली नाही. जयवंत महिनाभर जेवणाच्या ताटावर गप्प बसला, मग मालनशी लग्न करून संसाराला लागला. त्या मुलीचं पुढे लग्न झालं नाही, ती बोरिवलीला कॉलेजात मुलींना खेळ शिकवते, हे लवूच्या तोंडून एकदा कानावर आलं होतं. शेवंतीने तेव्हा विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी ती बोरिवलीला गेली. एकटी. प्रेमाला म्हणाली, डॉक्टरकडे जाते.

कॉलेजच्या मागे डांबराचं कोर्ट होतं, एका बाजूची रिंग वाकलेली. आठ-दहा मुली धावत होत्या. मधे एक बाई, पांढरी साडी कमरेला खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. तिने शेवंतीला लांबूनच ओळखलं. शिट्टी वाजवली, मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि सावकाश चालत आली.

"या. पोहे नाहीत आमच्याकडे," जानकी म्हणाली. "चहा चालेल?"

शेवंतीला हे आवडलं आणि आवडलं म्हणून राग आला. "चहा प्यायला नाही आले मी."

"ते दिसलंच. मग मावशीच्या व्याह्यांचा पत्ता लागला वाटतं."

"जुनं उकरू नकोस गो. माझं एक काम आहे."

"बोला."

शेवंतीला आयुष्यात मागायची सवय नव्हती. सवय होती ती ठरवायची. तिने तीनदा घसा साफ केला. "शनिवारी तुम्ही जिंकायला हव्यात."

जानकी तिच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी मोठ्याने हसली की नळाजवळच्या मुली वळून बघायला लागल्या. "दोन वर्षांत मला कोणी असं म्हटलं नाही हो. आमचे प्रिन्सिपॉलसुद्धा म्हणतात, लवकर संपवा, मैदान हवंय."

मग शेवंतीने सगळं सांगितलं. सरांचा हिशोब, अर्धा मार्क, कणकवली, शब्द. जुलैतल्या आंबोळ्यासुद्धा. ते सांगताना तिने नजर वाकड्या रिंगवर ठेवली.

"म्हणजे तुम्ही आम्हाला निवडलंत," जानकी म्हणाली. "हरणाऱ्या म्हणून."

"हो."

"आणि आता आमच्याच गळ्यात पडायची पाळी आली."

"गळ्यात नाही पडत मी. सांगते आहे."

"तेच ते." जानकीने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "ऐका. माझी एक मुलगी आहे. द्रौपदी. सात नंबर. ती पूर्ण सामना खेळली तर अंधेरीला घाम फुटेल. पण शनिवारी तिची कंपनीत दुसरी पाळी असते. मरोळलाच, गोळ्यांच्या बाटल्या खोक्यात भरायचं काम. बाप नाही, दोन भावंडं. सुट्टी मागितली तर काढून टाकतील. म्हणून ती शनिवारचा एकही सामना खेळलेली नाही."

"आडनाव काय तिचं?" शेवंतीच्या तोंडून सवयीने गेलं.

जानकीचा चेहरा बंद झाला. "कशाला हवंय? ती बॉल रिंगमध्ये टाकते."

शेवंतीने जीभ चावली. पहिल्यांदाच, आणि दात चांगले लागले. "मरोळला म्हणालीस? जयवंत तिथेच कामाला आहे. त्याच वसाहतीत. सुपरवायझर लोक त्याच्या ओळखीचे आहेत."

त्या नावावर जानकीने बोटाला गुंडाळलेली दोरी सोडली. मग जानकी म्हणाली, "त्यांना सांगा, दोन तास पुरेत. आणि माझी एक अट. तुम्ही यायचं. आमच्या बाजूला बसायचं. आमच्यासाठी ओरडायला कधी कोणी येत नाही."

घरी आल्यावर शेवंतीने जयवंतला बाहेर गॅलरीत बोलावलं. एकवीस वर्षांत तिने जानकीचं नाव मुलासमोर घेतलं नव्हतं. आता घ्यावं लागलं. जयवंतने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आई, तेव्हा व्याह्यांना बघायची काय गरज होती?" उत्तराची वाट न बघता तो आत गेला. पण शुक्रवारी येऊन म्हणाला, चारपासून दोन तास सोडतील, त्याने तिच्या जागी आपल्या ओळखीतली एक बाई उभी केली आहे.

शनिवारी मरोळच्या मैदानावर धूळ आणि डिझेलचा वास. अंधेरीच्या बाजूला ढोलकी, शिट्ट्या, पन्नास पोरं. बोरिवलीच्या बाजूला एक बाकडं, पाण्याची बादली आणि शेवंती, नऊवारी नेसलेली, शेजारी प्रेमा. टेबलापाशी विद्याधर सर, जाड चष्मा, समोर कॅल्क्युलेटर. शेवंतीला वाटलं होतं या माणसाला शिंगं असतील. निघाला साधा पोरसवदा मास्तर, बाहीला शाईचा डाग.

सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत आठ-एकोणीस झाला. सात नंबरचा पत्ता नाही.

"ही अंधेरीची ताडमाड बघ," शेवंती पुटपुटली.

"आजी, इथे ओरडायला आलीयेस ना? पुटपुटतेस काय?"

मग शेवंती ओरडली. चाळीस वर्षं नळावर घासलेला गळा. "अगो ये ताडमाडा, बॉल तुझ्या बापाशीचो काय? सोड त्येका! आणि तुम्ही गो, बोरिवलीच्या, मयताला आल्यात काय? धावा!" ढोलकीवाला वाजवायचा थांबला. पंचाने वळून बघितलं. बोरिवलीची एक मुलगी धावता धावता हसली आणि हसत हसतच तिने बास्केट केली.

अर्धा सामना संपता संपता फाटकातून एक बुटकी, काळीसावळी मुलगी पळत आली. अंगावर कंपनीचा निळा एप्रन. तिने तो काढून शेवंतीच्या मांडीवर टाकला, "जरा धरा हं आजी," म्हणाली आणि आत गेली. एप्रनला औषधाचा उग्र वास होता. शेवंतीने तो घडी करून मांडीवर ठेवला आणि पूर्ण वेळ दोन्ही हातांनी धरून बसली.

सात नंबर उंच नव्हती. पण बॉल तिच्या हाताला चिकटून जमिनीवर आपटत होता आणि ताडमाडांच्या काखेखालून ती मांजरासारखी निघायची. अठरा-सव्वीस. पंचवीस-तीस. शेवंतीला फाउल कळत नव्हता, वेळ कळत नव्हती, फक्त फळ्यावरचे आकडे कळत होते आणि प्रेमाची बोटं, तिच्या दंडात रुतलेली. "एकतीस-तेहतीस," प्रेमा म्हणत होती. "आजी, दोन मिनिटं. आजी, एक." मग द्रौपदीला कोणीतरी ढकललं, शिट्टी झाली, तिला मोकळं उभं राहून दोन बॉल टाकायला मिळाले. दोन्ही आत. तेहतीस-तेहतीस. शेवटी काय झालं ते शेवंतीला दिसलंच नाही, कारण सगळ्या पोरी एकाच ठिकाणी धडकल्या. फळ्यावर पस्तीस-तेहतीस पडलं.

दोन वर्षांनी जिंकलेल्या दहा मुली कशा ओरडतात, ते लिहून सांगण्यासारखं नाही. त्या जानकीच्या अंगावर पडल्या, मग बादलीवर, मग शेवंतीवर. शेवंतीचा अंबाडा सुटला. सोडवून घेण्याऐवजी ती त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती. "गुणाची गो माझी पोर ती," असं ती द्रौपदीला म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आडनाव अजून कळलेलं नाही.

द्रौपदीने एप्रन घेतला. "सहाच्या आत पोचायचंय," म्हणाली आणि पळाली.

प्रेमा टेबलापाशी गेली होती. विद्याधर सरांनी कॅल्क्युलेटर बडवला, कागदावर सोळा नावं लिहिली आणि कागद फळ्याला टाचणीने लावला. प्रेमा कागदासमोर उभी राहिली. उभीच राहिली. शेवंती गेली तेव्हा तिला आकडे वाचता आले. दुसरीपर्यंतचं एवढं तरी शिल्लक होतं.

चौथ्या ओळीत छप्पन पॉइंट नऊ. पाचव्या ओळीत छप्पन पॉइंट चार.

"चढलो की आपण," शेवंती म्हणाली. "छप्पनच्या वर."

"मुलुंडपण चढली." प्रेमाचा आवाज सपाट होता. "त्यापण बोरिवलीशी खेळल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. बोरिवली जिंकली की दोघींचा आकडा वाढतो. मी आपलाच करून बघितला. तीनदा. त्यांचा केलाच नाही."

विद्याधर सर चष्मा पुसत उठले. "तुम्ही आठही जिंकलात, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण आकडा तुम्हाला ओळखत नाही ना. तो सगळ्यांना सारखाच लागतो."

शेवंतीकडे या माणसासाठी चार दिवस जपून ठेवलेल्या शिव्या होत्या. एकही वर आली नाही. सोयरीक बघताना ती पहिला प्रश्न हाच विचारत असे, यांची आणखी कोणाशी सोयरीक आहे? चाळीस वर्षं विचारला. आणि नातीच्या वेळी विसरली.

जानकी मागे येऊन उभी होती. तिने कागद वाचला. ती आपल्या मुलींकडे बघत राहिली. त्या बादलीतलं पाणी एकमेकींवर उडवत होत्या. "त्यांना सांगू नका," शेवटी ती म्हणाली. "आजचा दिवस तरी."

मरोळहून घाटकोपरच्या बसमध्ये प्रेमा खिडकीशी बसली. साकीनाक्याला ती म्हणाली, "आजी, मी रविवारी साडी नेसेन. तू काळजी करू नकोस. शब्द दिला होता आपण." भांडली असती तर शेवंतीला बरं वाटलं असतं. भांडणाला तिच्याकडे उत्तर होतं. पोर शब्द पाळायला निघाली होती, तिच्यासारखीच, ताठ मानेने.

रविवारी दहाला लवू आला. डोक्याला टोपी, हातात काजूची पुडी. प्रेमा आमसुली साडी नेसून मोरीच्या भिंतीला टेकून उभी, छप्पर डोक्याला लागेल की काय अशी वाकून. मालनने पोहे केले होते. तिचे डोळे सुजलेले होते, पण रडणं दाराच्या आत झालं होतं.

"बाय, तोंड गोड कर," लवू शेवंतीला म्हणाला. "फाल्गुन वद्य पंचमी. ती माणसा तयार आसत."

शेवंतीने बशी हातात घेतली, खाली ठेवली. "प्रेमा, एक सांग. खेळायला टीम आलीच नाही तर काय करतात?"

"आजी, आता कशाला?"

"विचारते ते सांग."

"समोरच्यांना जिंकलं म्हणून देतात. न येणाऱ्याच्या नावावर हार."

"नुसती हार? खेळणाऱ्या पोरीला काय शिक्षा?"

"पोरीला कसली? टीमच्या नावावर लागते."

शेवंती भावाकडे वळली. "लवू, कणकवलीक सांग, आमच्याकडसून कोणी इला नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे ही सोयरीक होवची नाय. त्यांचा काय चुकला नाय. मुलगो बरो, घर बरा. शब्द माझो होतो, तो मी मोडलंय. हार माझ्या नावार लाव."

लवूची टोपी हातात आली. "बाय, तुझो शब्द आजपर्यंत फिरलो नाय. गावात काय सांगू? उद्या ह्या चेडवाक, प्रेमाक, कोण इचारतलो? तुका तरी कोण बोलवतलो?"

"नाय बोलवूक."

"आणि नोकरी? रेल्वे तर गेली. ह्या पोरीक हाती काय ऱ्हवला?"

हाती काहीच राहिलं नव्हतं, हे खरं होतं. शेवंतीने पोह्यांची बशी भावाकडे सरकवली. "खा. निवतील."

लवूने पोहे खाल्ले, कारण बहिणीच्या घरचं टाकून जाणं त्याला जमणारं नव्हतं. पण उठताना त्याने पाया पडायचं टाळलं. बावन्न वर्षांचा भाऊ, पहिल्यांदा तसाच गेला. काजूची पुडी तो परत नेतो की काय असं वाटलं; ठेवून गेला.

प्रेमा अजून भिंतीशीच होती. ती हसली नाही, आजीच्या गळ्यातही पडली नाही. साडीच्या निऱ्या मुठीत धरून नुसती उभी.

"तशी उभी राहू नकोस, छप्पर पडेल," शेवंती म्हणाली. "एम.कॉम.ला नाव घातलं तर आणखी खेळायला मिळतं ना?"

"मिळतं. पण पुन्हा तोच हिशोब, आजी. पुन्हा पाचवे आलो तर?"

"तर पाचवे. साडी बदल आणि कागद घे. अंधेरीच्या त्या ताडमाडांना लिही, पहिला सामना तुमच्याशी. मग भांडुप. आणि एक बोरिवलीशी ठेव."

"बोरिवली कशाला? आकडा खाली येईल."

"मी सांगते म्हणून."

खाटेवरून खोकला आला. त्यात हसू होतं की नुसता कफ, ते शेवंतीने बघितलं नाही. पाण्याची वेळ झाली होती. तिने कळशी काखेला लावली आणि दार उघडलं. लवू जिन्यात कोणाला तरी भेटून बोलून गेला असणार, कारण नळावरच्या बायांचं बोलणं ती दिसताच तुटलं. त्यांनी तिला वाट करून दिली, अगदी पुढे, पहिल्या नंबरापर्यंत.

शेवंतीने कळशी नळाखाली धरली आणि ती भरेपर्यंत पाठ ताठ ठेवून उभी राहिली.